बाप कोण ठेवायचा

गटारी जवळ आली की खुराड्यातला सगळ्यात भरदार कोंबडा आधी जातो. नवसाला तोच, पाहुण्याला तोच, बाजारात भावही त्यालाच. मागे उरतो तो उशिरा वाढलेला, किडकिडीत. आणि पुढच्या पिलांचा बाप होतो तोच. चार पिढ्या असं चाललं की लोक हळहळतात, गावठी कोंबडी पूर्वीसारखी राहिली नाही. कशी राहील? चांगलं तेवढं आपण खाऊन बसलो.

आठ-दहा कोंबड्यांमागे एक कोंबडा पुरतो. कोंबडी आपल्या पिलांपुरता वारसा देते. हा एकटा सगळ्यांच्या पिलांत अर्धा उतरतो. म्हणून त्याच्याकडे मी फार वेळ बघते. पाय सरळ हवेत, छाती रुंद, डोळा लखलखीत. पण खरी पारख वागण्यात. दाणा दिसल्यावर स्वतः न गिळता तो कोंबड्यांना हाका मारतो का? घार फिरकली की सगळ्यांत आधी ओरडतो का? लहान पोरांच्या अंगावर धावणारा कितीही देखणा असो, त्याचं बीज धरू नये. तो तिखटपणा पिलांत उतरतो. आणि कोणताही कोंबडा आपल्याच लेकींत वर्षानुवर्षं ठेवला तर अंडी कमी फुटतात, पिलं मरतुकडी निघतात. तेव्हा दुसऱ्या गावातून कोंबडा बदलून आणावा. आणल्या आणल्या अंडी बसवायची घाई मात्र नको: जुन्याचं बीज कोंबडीच्या पोटात दोन-तीन आठवडे टिकतं.

कोंबडीची निवड मला अधिक अवघड जाते. लेगहॉर्न वर्षाला तीनशेच्या आसपास अंडी घालते, पण सहसा खुडूक होत नाही. माणसानं पिढ्यान्‌पिढ्या निवडून तिचं आईपण काढून टाकलं. गावठी कोंबडी घालते थोडी, पण 21 दिवस अंड्यांवरून फारशी हलत नाही, आणि मुंगसालाही अंगावर घेते. खुडूक मोडायला तिला पाण्यात बुचकळतात, ते मला बघवत नाही.

भरपूर घालणारीची अंडी खुडूक कोंबडीखाली ठेवायची, हा सोयीचा मार्ग. मीही तो धरते. पण मग पिलं तिची नसतात आणि तिचा गुण तिच्यापाशीच संपतो. म्हणून दहा अंड्यांत तिची स्वतःची चार तरी ठेवतेच, लहान असली तरी.