दुसऱ्याच्या चालीवर

आमच्या एकत्र कुटुंबांत मास्तरकी, वकिली आणि बँकेची नोकरी हे तीन व्यवसाय पिढ्यानुपिढ्या चालत आले. गेल्या वर्षीं त्यांत चौथ्याची भर पडली. धाकट्या बंधूंचा मुलगा इंजिनियरिंगची परीक्षा उत्तीर्ण झाला आणि हातीं आलेली नोकरी बाजूस ठेवून माडीवरच्या खोलींत संगणकावर संगीत रचीत बसूं लागला. बंधूंनीं त्यास दोन वर्षांची मुदत दिली आहे. तींतील एक वर्ष संपलें.

त्याच्याकडे ‘रीमिक्स’चीं कामें येऊं लागल्यापासून माजघरांत वाद माजला आहे. वडील मंडळी म्हणतात, दुसऱ्याचें गाणें घेऊन त्यांत ठोके भरणें म्हणजे उष्टें खाणें होय. त्याच्या मातोश्रींचा प्रश्न निराळा आहे : हा परक्यांचींच गाणीं नटवीत बसला, तर याचें स्वतःचें नांव केव्हां व्हावयाचें? दोन्ही आक्षेप विचार करण्याजोगे आहेत. आणि अशीं मुलें आतां पुष्कळ घरांत असल्यामुळें तो विचार चारचौघांत व्हावा, म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम हें काम काय आहे तें समजून घेतलें पाहिजे. ध्वनिमुद्रण करतांना गायकाचा कंठ, तबला, पेटी, तंतुवाद्यें हीं निरनिराळीं मुद्रित करून ठेवतात. या सुट्या भागांस हे लोक ‘स्टेम’ म्हणतात. मूळ गाण्याचा मालक ते दुसऱ्याच्या स्वाधीन करतो. तो त्यांतील एखादा, बहुधा कंठ, कायम ठेवून बाकीची इमारत नव्यानें बांधतो. नृत्याच्या संगीतांत मिनिटास सुमारें १२० ते १२८ ठोके पडतात. मूळ गाणें त्याहून संथ असल्यास कंठ आकसून बसवावा लागतो, आणि मर्यादेबाहेर आकसला तर तो माणसाचा राहत नाहीं. त्रितालाच्या सोळा मात्रा चार-चारांच्या ठोक्यांत सहज मावतात. दादऱ्याच्या सहा मात्रा जबरीनें कोंबल्या, तर शब्दांचे आघात भलत्याच ठिकाणीं पडतात. ज्यांनीं जन्मभर वृत्तें शिकविलीं त्या आम्हांस ही अडचण तेव्हांच उमगली. मंदाक्रांतेची ओळ शार्दूलविक्रीडितांत बसवूं पाहणाऱ्याची हीच गत होते.

ही कला जमैका बेटांतील किंग्स्टन शहरीं १९७० च्या सुमारास किंग टबी नांवाच्या, विजेचीं यंत्रें दुरुस्त करणाऱ्या कारागिरानें नांवारूपास आणली. तयार गाण्यांतून कंठ बाजूस काढावा, खर्जाची वाद्यें पुढें आणावीं, ही त्याची रीत होती. तथापि दुसऱ्याच्या कृतीवर आपली कृति उभारण्याची कल्पना आपणांस परकी नाहीं.

३१ ऑक्टोबर १८८० रोजीं याच पुण्यांत अण्णासाहेब किर्लोस्करांचें ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आलें. कथा कालिदासाची, चाली लावण्यांच्या, साक्या-दिंड्यांच्या, कानडी पदांच्या, पदें मात्र अण्णासाहेबांचीं. १९१६ सालच्या ‘स्वयंवरा’स भास्करबुवा बखले यांनीं चाली दिल्या, त्यांतही कित्येक पदांमागें जुन्या बंदिशी उभ्या आहेत. हें सारें उष्टें मानावयाचें, तर आमच्या वाडवडिलांची निम्मी हयात उष्ट्यावरच गेली असें म्हणावें लागेल! परंतु त्या मंडळींचा एक रिवाज ध्यानांत ठेवण्यासारखा आहे. जुन्या संगीत नाटकांच्या पुस्तकांत पदाच्या माथ्यावर ‘चाल’ असें लिहून मूळ गाण्याचे आरंभीचे शब्द छापलेले असत. कोणाचें घेतलें, हें लपविण्याची त्यांस गरज वाटली नाहीं.

याहूनही मागें जाऊं. संस्कृत पंडितांत समस्यापूर्तीचा प्रघात होता : एक चरण दिलेला असावयाचा, उरलेले आपण रचावयाचे. नवव्या शतकांत जिनसेनाचार्यांनीं ‘पार्श्वाभ्युदय’ हें काव्य याच रीतीनें रचलें. त्याच्या श्लोकाश्लोकांत मेघदूताचा एक अगर दोन चरण जसेच्या तसे घेतलेले असून बाकीचे आचार्यांचे स्वतःचे आहेत. यक्षाच्या विरहाचे शब्द पार्श्वनाथांच्या तपाच्या कथेंत बसविले. शृंगाराच्या जागीं शांत रस आला. त्याचें फळ हजार वर्षांनीं दिसलें. पुण्याचे काशिनाथ बापूजी पाठक यांनीं १८९४ सालीं मेघदूताची आवृत्ति काढली, ती या काव्यांत जडलेल्या चरणांच्या आधारें; कारण जिनसेनांच्या काळचा मेघदूताचा पाठ त्यांत सुरक्षित राहिला होता. ज्यानें दुसऱ्याची ओळ घेतली, त्यानेंच ती सांभाळली. रीमिक्स करणाऱ्यानें हा आदर्श पुढें ठेवावा, असें आम्हांस वाटतें.

आतां व्यवहार. गेल्या पावसाळ्यांत एका संस्थेनें आमच्या पुतण्यास एक गाणें दिलें. मोबदला कांहीं नाहीं. ‘तुमचें नांव होईल’ एवढाच दिलासा. तीन आठवडे रात्रीचा दिवस करून त्यानें काम पुरें केलें. गाणें प्रसिद्ध झालें, तेव्हां त्यावर त्याचें नांव नव्हतें. कागद झालेला नसल्यामुळें बोलण्यास जागा उरली नाहीं. दोन दिवस तो धड जेवला नाहीं, आणि त्या दोन दिवसांत बंधूंनीं मुदतीचा विषय दोनदां काढला.

१९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणें ध्वनिमुद्रणावरील हक्क प्रसिद्धीनंतर साठ वर्षें चालतो. तेव्हां मूळ मुद्रणास हात लावावयाचा तर मालकाची परवानगी पाहिजेच. आपली कृति विकृत केली जात असल्यास हरकत घेण्याचा अधिकारही कर्त्यास त्याच कायद्यानें दिला आहे. सबब आम्हीं पुतण्यास तीन अटी घातल्या आहेत. परवानगी लेखी घ्यावी; नांव कोठें व कसें छापावयाचें तें आधीं ठरवावें; आणि मोबदला अल्प असला तरी तो कागदावर असावा. फुकट केलेल्या कामास देणाराही फुकटचें समजतो.

मातोश्रींच्या प्रश्नाचें उत्तर मात्र कायद्यांत नाहीं. ओळखीच्या गाण्याच्या ओढीनें श्रोता अनोळखी कर्त्याच्या दारापर्यंत येतो, एवढा या कामाचा लाभ खरा. परंतु दार उघडल्यावर आंत स्वतःचें कांहीं नसेल, तर तो आल्या पावलीं परत जातो. दिलेल्या चरणावर हात बसतो, लय कळते, दुसऱ्याच्या रचनेचे सांधे दिसतात; म्हणून उमेदवारीच्या काळांत हें काम अवश्य करावें. पण दर दोन परक्या गाण्यांमागें एक तरी स्वतःचें पुरें झालेंच पाहिजे, असा नेम आम्हीं त्यास घालून दिला आहे. बंधूंसही आम्हीं सांगितलें कीं, मुदतीचा हिशेब या तिसऱ्या गाण्यावरून करावा.

सध्यां त्याच्यापुढें एका तरुण गायिकेचें गाणें आहे. कागद झाला आहे, नांवाचें ठरलें आहे. मोबदला थोडा आहे. आम्हीं तें काम घेण्यास सांगितलें आहे.