बिलातला झोल आणि नळीतला झोल

“डॉक्टर, एकच स्टेंट बसेल म्हणाला होतात. मग बिलात दोन कसे?”

काकांच्या मुलाने मला कॅथलॅबच्या दारातच गाठलं. त्या क्षणी माझ्याकडे दोन उत्तरं होती. सोपं उत्तर होतं, “ब्लॉक वाटला त्यापेक्षा लांब निघाला.” खरं उत्तर वेगळं होतं. ते द्यायला दहा मिनिटं आणि एक कोरा कागद लागला. या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. पण हाच प्रश्न आजही अनेकांच्या मनात असतो, म्हणून ते उत्तर इथे जरा सविस्तर लिहितो.

काका ६७ वर्षांचे. सायकल दुरुस्तीचं दुकान, जुना मधुमेह आणि त्याहून जुनी बिडी. थोडं चाललं की डावी पोटरी दुखायची, दोन मिनिटं थांबलं की बरं वाटायचं. “वय झालं,” म्हणून वर्षभर तसंच काढलं. मग अंगठ्याला चपलेची जखम झाली आणि ती दोन महिने भरेना. अँजिओग्राफी केली, तेव्हा मांडीतली मुख्य रक्तवाहिनी बऱ्याच लांबीत बंद होती. रक्तच पोहोचत नसेल, तर जखम भरणार कशी? पाय वाचवायचा, तर वाट मोकळी करणं भाग होतं.

पायाची बंद रक्तवाहिनी शस्त्रक्रियेशिवाय उघडण्याची कल्पना डॉ. चार्ल्स डॉटर यांची. अमेरिकेतल्या पोर्टलंड शहरात त्यांनी १९६४ साली ८२ वर्षांच्या एका बाईंची मांडीतली रक्तवाहिनी नळीवर नळी सरकवून रुंद केली. बाईंना पाय कापायचा सल्ला मिळाला होता आणि त्यांनी तो नाकारला होता. त्यांचा पाय वाचला. आज आम्ही बहुतेक वेळा फुग्याने वाट रुंद करतो आणि ती पुन्हा मिटेल असं वाटलं, तर स्टेंट बसवतो.

हृदयातला स्टेंट साधारणपणे फुग्यावर बसवलेला असतो. फुगा फुगवला की स्टेंट उघडतो आणि त्याच आकारात राहतो. मांडीत मात्र हे जमत नाही. आपण मांडी घालतो, उकिडवे बसतो, जिने चढतो. प्रत्येक वेळी तिथली रक्तवाहिनी वाकते, पिळवटते, दाबली जाते. फुग्यावरचा स्टेंट तिथे एकदा चेपला, की चेपलेलाच राहील. म्हणून इथे आपोआप उघडणारा स्टेंट वापरतात. तो निकेल आणि टायटॅनियमच्या मिश्रणातून, म्हणजे निटिनॉलपासून बनतो. हा धातू थंड केला की मऊ पडतो, तेव्हा तो आवळून बारीक नळीत भरतात. शरीराच्या उबेत तो मूळ आकाराकडे झेपावतो आणि दाबला तरी परत उसळतो.

इथपर्यंतची माहिती बऱ्याच रुग्णांना असते. कोणत्या कंपनीचा स्टेंट, हेही ते विचारतात. पण तो नेमक्या जागी सोडणाऱ्या नळीबद्दल आजवर मला फारसं कुणी विचारलेलं नाही. त्या दिवशी घोटाळा झाला तो तिथेच.

बटण दाबताच उघडणारी छत्री अरुंद खोळीत कोंबली आहे, अशी कल्पना करा. उघडल्यावर ५-६ मिलिमीटर रुंद होणारा स्टेंट साधारण २ मिलिमीटर जाडीच्या नळीत असाच बसलेला असतो. आत एक दांडी, दांडीवर स्टेंट आणि त्यावर खोळ. स्टेंट ढकलून बाहेर काढायचा नसतो. दांडी जागेवर स्थिर धरायची आणि खोळ हळूहळू मागे ओढायची. खोळ जसजशी मागे जाईल, तसतसा स्टेंट उघडत जातो.

हे टेबलावर अगदी सोपं दिसतं. शरीरात ही नळी बरीच आत असते. डाव्या पायाचा ब्लॉक उघडायला आम्ही बऱ्याचदा उजव्या जांघेतून शिरतो, बेंबीच्या पातळीपर्यंत वर जातो आणि तिथे घाटातल्यासारखं वळण घेऊन डाव्या पायात उतरतो. वळणातून जायचं तर नळी लवचीक हवी. पण लवचीक नळी ओढली की थोडी ताणली जाते आणि आतली दांडी तेवढीच दाबली जाते. वर स्टेंट खोळीला आतून घट्ट रेटत असतो, त्यामुळे घर्षण असतं. म्हणजे माझ्या हाताने लावलेला जोर टोकाला पोहोचतच नाही, तो नळीत स्प्रिंगसारखा साठत जातो. नळी ताठ केली, तर जोर पोहोचतो, पण ती वळणातून जात नाही आणि रक्तवाहिनीला इजा होण्याची भीती असते.

नळी बनवणाऱ्या इंजिनिअरांची सगळी धडपड या दोन टोकांमधली. म्हणून ते टोकाकडे मऊ आणि हाताकडे ताठ अशी नळी करतात. प्लॅस्टिकमध्ये बारीक तारांची वीण घालतात, म्हणजे ती वाकते पण ताणली जात नाही. आतून गुळगुळीत अस्तर देतात. मुठीला चाक लावतात, म्हणजे खोळ थोडी थोडीच सरकते.

त्या दिवशी माझ्या हातातली नळी शरीराबाहेर सैल वळण घेऊन पडली होती. मी खोळ ओढायला लागलो. मूठ मागे आली, पडद्यावर मात्र काहीच हललं नाही. मी आणखी थोडं ओढलं. अचानक घर्षण सुटलं आणि साठलेला जोर मोकळा झाला. स्टेंट सुमारे एक सेंटिमीटर पुढे उडी मारून उघडला. ब्लॉकची वरची बाजू तशीच राहिली. असा पूर्ण उघडलेला स्टेंट पुन्हा खोळीत घेता येत नाही. म्हणून वरच्या बाजूला, पहिल्यावर थोडा चढवून, दुसरा छोटा स्टेंट बसवावा लागला. रक्तप्रवाह छान सुरू झाला. पण पायात जास्तीचा धातू गेला आणि घरच्यांवर जास्तीचा खर्च आला.

मुलाला हे सगळं कागदावर काढून दाखवलं. नळी सरळ करायला हवी होती, ती माझ्याकडून राहिली, हेही सांगितलं. माझी फी मी घेतली नाही. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “मला वाटलं बिलात झोल आहे.”

दुसऱ्या दिवशी वॉर्डात काकांनाही सांगितलं. त्यांना समजावं म्हणून सायकलच्या ब्रेकच्या केबलचं उदाहरण दिलं: बाहेर आवरण, आत तार. काकांनी मला पुढे बोलूच दिलं नाही.

“अहो डॉक्टर, केबलला झोल ठेवून ब्रेक दाबला तर लागेल का? आधी झोल काढायचा, मग दाबायचं. आमच्या दुकानातल्या पोराला पण पहिल्या दिवशी हेच शिकवतो.”

आवाजात राग नव्हता. म्हणूनच ते जास्त लागलं.

काकांची जखम भरायला तीन महिने लागले. अंगठा राहिला, पाय राहिला. बिडी सुटायला मात्र त्याहून जास्त वेळ लागला.

तुमच्या घरात कुणाला चालताना पोटरी दुखत असेल आणि थांबल्यावर बरं वाटत असेल, किंवा पायाची जखम भरत नसेल, तर वयावर ढकलू नका. स्टेंट बसल्यावर रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या मनाने बंद करू नका. आणि ठरल्यापेक्षा काही वेगळं झालं, तर डॉक्टरांना कारण जरूर विचारा. तो तुमचा हक्क आहे. समजेल अशा भाषेत उत्तर देणं आमचं काम आहे.

आमच्या कॅथलॅबमध्ये आता स्टेंट सोडण्याआधी मी मोठ्याने म्हणतो, “झोल काढा.” टेक्निशियन नळी ताणून सरळ धरतो, मी पडद्यावरच्या खुणा पुन्हा एकदा बघतो. त्यानंतरच चाक फिरवतो.