बॉस, बीपी आणि रविवारची संध्याकाळ

माझ्याकडे एक गृहस्थ येतात. वय पंचेचाळीसच्या आसपास, खासगी कंपनीत हिशेबाचं काम. तक्रार डोकेदुखीची. चष्म्याचा नंबर तपासून झाला, सायनसचा एक्स-रे झाला, सगळं ठीक. शेवटी मी विचारलं, "दुखतं नेमकं कधी?"

"रविवारी संध्याकाळी सुरू होतं डॉक्टर. शुक्रवारी रात्री थांबतं."

आम्ही दोघंही हसलो. मग ते अर्धा तास साहेबांबद्दल बोलले. साहेबांना एक्सेलमधली बेरीज समजत नाही, शेजारच्या टेबलावरचा सहकारी काम अर्धवट टाकून चहाला जातो, आणि महिनाअखेरीला चूक निघाली की बोलणी यांना.

तुम्हालाही कुणीतरी आठवलं असेल. मला तर लगेच आठवलं. एकतिसाव्या वर्षी मी एका रुग्णालयात नोकरीला होतो. आमचे वरिष्ठ निर्णय घ्यायलाच घाबरत. रुग्णाला मोठ्या रुग्णालयात हलवायचं का, असं विचारलं की "बघू" म्हणत. उशीर झाला की सगळ्यांसमोर, "तुम्ही मला आधी का नाही सांगितलं?" जोडीचा डॉक्टर केसपेपर कोरे ठेवून घरी जायचा, ते मी रात्री भरत बसायचो. परत जाताना स्कूटरवर, हेल्मेटच्या आत, मी वरिष्ठांशी मोठमोठ्याने भांडायचो. सिग्नलला शेजारचे लोक बघत. एका रात्री सिस्टरांनी थट्टेथट्टेत माझं बीपी घेतलं, तर 150/98. थोड्या वेळाने पुन्हा घेतलं, फारसा फरक नाही. पुढे दहा दिवस गावी गेलो, तिथे 124/80.

राग आला की अॅड्रिनलिन वाढतं, हृदय जोरात धडधडतं, रक्तवाहिन्या आकसतात, मान आणि कपाळाचे स्नायू ताठ होतात. भांडण संपलं की हे सगळं खाली यायला हवं. पण आपण तेच भांडण आंघोळ करताना, जेवताना, अंथरुणावर पडल्यावर पुन्हा करतो. साहेब त्यांच्या घरी घोरत असतात आणि आपलं शरीर मात्र रात्री अकरा वाजता त्यांच्या केबिनमध्ये उभं असतं. झोप लागत नाही, आणि अपुऱ्या झोपेने बीपी आणखी वाढतं. माझं नुकसान ऑफिसच्या आठ तासांपेक्षा त्या हेल्मेटने जास्त केलं, असं मला आज वाटतं.

लंडनमध्ये 1985 साली मायकल मार्मट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दहा हजारांवर सरकारी कर्मचाऱ्यांचा अभ्यास सुरू केला. त्याचं नाव व्हाइटहॉल-2. आपल्याला वाटतं, मोठ्या जबाबदारीच्या साहेबांनाच हार्ट अटॅक येतो. तिथे दिसलं ते वेगळं. आपलं काम कसं आणि कधी करायचं यात ज्यांना फारसा शब्द नव्हता, त्यांच्यात हृदयविकार जास्त आढळला. अडाणी साहेबाच्या हाताखाली नेमकं हेच होतं: काम तुमचं, चूक तुमची, निर्णय मात्र त्यांचा.

आता त्या गृहस्थांचं बीपी. माझ्याकडे ते नेहमी नॉर्मल भरायचं, कारण ते यायचे शनिवारी, सुट्टीच्या दिवशी! दवाखान्यात नॉर्मल आणि एरवी जास्त, याला आम्ही 'मास्क्ड हायपरटेन्शन' म्हणतो. मी त्यांना बीपीचं मशीन ऑफिसात न्यायला सांगितलं. तुम्हालाही मोजायचं असेल तर आधी अर्धा तास चहा-सिगारेट नको. पाच मिनिटं पाठ टेकून, पावलं जमिनीवर ठेवून शांत बसा. हात हृदयाच्या पातळीला टेकवा, बोलू नका, एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा. आठवडाभराची सरासरी 135/85 किंवा त्याहून जास्त आली तर कागद घेऊन डॉक्टरांकडे जा. यांची 142/92 आली. गोळी सुरू केली. साहेब बदलेपर्यंत थांबण्यात अर्थ नव्हता.

आणि एक गोष्ट. छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, घाम, दम असं काही झालं तर "साहेबांमुळे होतंय" म्हणून घरी बसू नका. लगेच रुग्णालय गाठा आणि ईसीजी काढा.

माझे वरिष्ठ काही सुधारले नाहीत. मी फक्त तातडीच्या औषधांचा ट्रे माझ्याकडे घेतला. कोणतं इंजेक्शन कुठे, कुणाची मुदत संपली, याची यादी रोज सकाळी मी स्वतः तपासायचो. त्यात कुणाचं "बघू" नव्हतं. एवढ्याशा ट्रेने मला बरंच सावरलं, हे सांगताना आज हसू येतं. वर्षभराने नोकरी सोडली. ते सगळ्यांना परवडत नाही हे मला ठाऊक आहे. त्या गृहस्थांच्या घरावर अजून अकरा वर्षांचं कर्ज आहे.

हा लेख लिहीत असताना माझ्या दवाखान्यातली मुलगी डोकं धरून बसलेली दिसली. गेली चार वर्षं ती नंबर लावते, फोन घेते. म्हटलं, काय झालं? बराच वेळ गप्प राहून म्हणाली, "सर, तुम्ही सकाळी एक सांगता, दुपारी दुसरं. पेशंट ओरडतात ते मला."

मी बीपीचं मशीन पुढे ओढलं. ती म्हणाली, "आत्ता नको सर. तुम्ही जेवायला गेलात की मोजते."