खोक्यातला पाहुणा

मागच्या वर्षी पावसाळा संपत आला होता. धाकटा शाळेतून आला तो दप्तर छातीशी घट्ट धरून. एरवी दारातूनच फेकणारा, त्या दिवशी खाली ठेवायला तयार नाही. मी दप्तराची चेन उघडली आणि ओरडलेच. वह्यांवर एक हिरवागार सरडा बसला होता. एक डोळा माझ्याकडे, दुसरा छताकडे.

"अम्मी, मारू नकोस. पोरं दगड मारत होती, म्हणून आणला," तो म्हणाला.

पोरं दगड का मारत होती, हे मला विचारायची गरज नव्हती. लहानपणी आम्हीही मारले आहेत. गिरगिटानं हजरत इब्राहीम (अ.स.) यांच्यासाठी पेटवलेल्या आगीवर फुंकर घातली होती, म्हणून दिसला की ठेचायचा, असं मोठी मुलं सांगायची आणि आम्ही ऐकायचो. माझे मोठे दीर मदरशात शिकवतात. रात्री जेवताना ते म्हणाले, "हदीसमध्ये शब्द आहे वज़ग. तो पालीच्या जातीला म्हणतात. ह्याला अरबीत हिरबा म्हणतात. हा वेगळा." धाकट्याला तेवढंच हवं होतं. सरडा घरात राहिला.

कुंपणावर बसून मान हलवतो तो साधा सरडा. हा शॅमेलिऑन. भारतात त्याची एकच जात सापडते. पायाची बोटं चिमट्यासारखी, दोन एका बाजूला आणि तीन दुसऱ्या. शेपटीनं फांदीला विळखा घालतो. जीभ जवळजवळ अंगाएवढी लांब. विष अजिबात नाही, तरी गावात त्याला पाहून माणसं चार पावलं मागे सरतात. यांचा फर्दापूरला लेण्यांच्या पर्यटकांसाठी दगडांचा स्टॉल आहे. हे हसत म्हणाले, "स्टॉलवर बसवला तर लोक फोटो काढतील." मलाही हसू आलं. आता ते आठवलं की बरं वाटत नाही.

टीव्हीच्या रिकाम्या खोक्यात बोरीची फांदी उभी केली, कोपऱ्यात वाटीभर पाणी ठेवलं. दोन दिवसांत त्याचे डोळे आत गेले. वाटीतलं पाणी तसंच होतं. थोरल्यानं मोबाइलवर वाचून काढलं, तेव्हा कळलं की साचलेलं पाणी या प्राण्याला पाणी म्हणून ओळखूच येत नाही. तो पानावरचे दवाचे थेंब पितो. डोळे आत जाणं ही तहानेची खूण. आम्ही फांदीवर पाणी शिंपडलं, तर तो बराच वेळ थेंब टिपत राहिला. घरात पाणी भरलेलं असताना दोन दिवस एक जीव तहानलेला होता.

मेलेल्या माश्यांकडे त्यानं पाहिलंही नाही. त्याला हलणारा, जिवंत किडा लागतो. धाकटा कपाशीच्या बांधावरून नाकतोडे पकडून आणू लागला. आपल्या भागात कपाशीवर आणि मिरचीवर किती फवारण्या होतात, हे काय सांगायला हवं? औषध पडलेला किडा पोटात गेला तर खाणाऱ्यालाही बाधतो. हे मला फार उशिरा सुचलं.

तिसरी चूक रंगाची. खोकं खोलीत होतं, ऊन नाही. सरडा काळपट दिसायला लागला. खोक्याचा रंग घेतला असेल, असं आम्ही समजलो. खरं म्हणजे भोवतालाशी रंग जुळवणं हे त्याचं मुख्य काम नाही. गारठला, घाबरला, चिडला की त्याचा रंग पालटतो. त्याच्या कातडीत बारीक स्फटिक असतात आणि त्यांच्यातलं अंतर कमीजास्त झालं की रंग बदलतो, हे जिनिव्हाच्या शास्त्रज्ञांनी 2015 मध्ये दाखवून दिलं. ऊन त्याला ऊब देतंच, शिवाय हाडं पक्की राहायलाही ते लागतं. ऊन मिळालं नाही तर हाडं मऊ पडतात, पाय वाकतात.

चौथ्या दिवशी खाणं बंद झालं. फांदीवर थांबेना. सारखा खाली उतरायचा आणि खोक्याचे कोपरे खरवडायचा. रात्रीही खरखर ऐकू यायची. मुलं म्हणाली, खेळतोय.

सासूबाईंनी जन्मभर शेळ्या सांभाळल्या आहेत. असरची नमाज झाल्यावर त्या खोक्याजवळ येऊन बसल्या, पोटाकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "अरे, ये तो पेट से है. जागा ढूंढ रही है बेचारी."

दुसऱ्या दिवशी सकाळी जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी पोटाला अलगद बोट लावलं आणि तेच सांगितलं. पावसाळा सरताना मादी झाडावरून खाली येते, ओलसर मातीत खड्डा करते आणि दहा ते तीस अंडी घालून माती सारखी करते. माती मिळाली नाही तर अंडी पोटातच अडकतात आणि मादी मरते. मग ते जरा कडक आवाजात म्हणाले, "आणि ताई, हा वन्यजीव आहे. 1972 च्या कायद्यानं याला पकडणं, घरात ठेवणं, विकणं हा गुन्हा आहे. आजच वनविभागाला फोन करा."

बांधून ठेवलेल्या मांजरीची हदीस आपण सगळ्यांनी ऐकली आहे. त्या बाईनं तिला खायलाही दिलं नाही आणि सोडलंही नाही. घरी येताना मी मनाला समजावत होते, आपण तर खायला देत होतो. पण तिला माती हवी होती आणि ती आमच्या पुठ्ठ्यात नव्हती. तीन मुलांची आई असून मला ते दिसलं नाही, याची लाज वाटली.

1926 या वनविभागाच्या नंबरवर फोन केला. सल्ला मिळाला की जिथून आणली तिथेच, ऊन चढल्यावर सोडा, दुसरीकडे नेऊ नका. गावाच्या जुन्या तटाबाहेर एक बाभूळ आहे. धाकट्यानं हात फांदीला लावला. ती एक पाय उचलून थांबली, झुलली, मग दुसरा पाय टाकला. थोड्या वेळात काळपटपणा गेला आणि पानांत ती दिसेनाशी झाली. धाकटा रडला. मी त्याला गप्प केलं नाही.

दोन दिवसांनी तो धावत आला. ती झाडाखाली मातीत डोकं खुपसून बसली होती. तो लांबच थांबला. दुसऱ्या दिवशी तिथली माती सपाट झालेली होती. शेळ्या-कुत्र्यांनी उकरू नये म्हणून त्यानं वर बोराटीचे काटे ठेवले.

नंतर पुण्याच्या माझ्या भाच्यानं विचारलं, "खाला, येमेनचा शॅमेलिऑन पाळू का?" मी म्हटलं, विदेशी असला तरी 2024 च्या नियमांप्रमाणे परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते, म्हणून कागदपत्रांशिवाय घेऊच नकोस. घ्यायचाच तर आधी जाळीचा उंच पिंजरा, खेळती हवा आणि अतिनील किरणांचा दिवा तयार ठेव. खिडकीच्या काचेतून येणारं ऊन हाडांच्या कामाचं नसतं. किड्यांवर कॅल्शियमची पूड टाक. एका पिंजऱ्यात एकच ठेव, दुसरा नुसता दिसला तरी ते घाबरतात. सारखा हातात घेऊ नकोस. आणि मादी असेल तर ओल्या मातीची खोल बादली ठेव, कारण ती नराशिवायही अंडी घालते. तो म्हणाला, "एवढं सगळं?" मी म्हटलं, आम्हाला पाच दिवसांत कळलं ते एवढंच. अजून बरंच असेल.

अंडी फुटायला कित्येक महिने लागतात. यंदा पावसाळा लागल्यापासून धाकटा शाळेतून येताना त्या बाभळीवरून येतो. पिल्लू अजून दिसलेलं नाही. पण त्याच्या वर्गातली दोन पोरं आता दगड न घेता त्याच्याबरोबर जातात.