स्मार्ट हीटिंग: हिशेब पैशाचा आणि अग्नीचा



दिवाळी झाली की आपल्यातल्या बऱ्याच जणींचे परदेशी जायचे बेत सुरू होतात. कुणाच्या सुनेचे बाळंतपण, कुणाच्या लेकीची नोकरी. मी इंग्लंडात लेस्टरला मुलाकडे दोन हिवाळे काढून आले, म्हणून मला हल्ली दोन प्रश्न हमखास विचारले जातात. पहिला चौविहाराचा. तिथे डिसेंबरात चारच्या आधीच सूर्य मावळतो, त्यामुळे संध्याकाळचे जेवण साडेतीनला उरकावे लागते. त्यावर पूर्वी लिहिले आहे. दुसरा प्रश्न हीटिंगचा. "मुलगा फोनवरून चालणारे स्मार्ट हीटिंग बसवायचे म्हणतोय. दोनशे पौंड, म्हणजे आपले वीस हजारांच्या वर. घ्यावे का हो?"

आधी हे प्रकरण काय ते सांगते. तिथल्या बहुतेक घरांत गॅसचा बॉयलर असतो. तो पाणी तापवतो आणि ते पाणी नळ्यांमधून प्रत्येक खोलीतल्या रेडिएटरमध्ये फिरते. रेडिएटर म्हणजे भिंतीला लावलेला पोकळ पत्र्याचा पट्टा. भिंतीवर एक थर्मोस्टॅट असतो. त्यावर 19 लावले की घर 19 अंशांपर्यंत तापते आणि बॉयलर थांबतो. रेडिएटरच्या कडेला एक ते पाच आकड्यांची चावी असते, तिने त्या खोलीची ऊब कमी-जास्त करता येते. आणि किती वाजता सुरू, किती वाजता बंद, यासाठी टायमर. एवढ्यावर ती माणसे वर्षानुवर्षे राहत आली आहेत.

स्मार्ट म्हणजे हेच सारे फोनवर. ऑफिसातून निघताना घर तापत ठेवा, गावाला गेल्यावर बंद राहिले असेल तर तिथूनच बंद करा. घरातले फोन बाहेर गेले की "घरी कुणी नाही" असे समजून ते आपोआप उतरते. आणखी पैसे घातले तर प्रत्येक रेडिएटरला वेगळी स्मार्ट चावी बसते आणि खोलीवार वेळापत्रक लावता येते.

आता हिशेब. बी.कॉम. होऊन चाळीस वर्षे झाली तरी वही-पेन घेतल्याशिवाय मला चैन पडत नाही. मध्यम घराचा वर्षाचा गॅस मी 11,500 युनिट धरला. युनिटला साधारण सहा पेन्स धरले तर 690 पौंड झाले. त्यातला काही गॅस अंघोळीच्या पाण्याला आणि स्वयंपाकाला जातो, म्हणून हीटिंगचा वाटा मी पाऊण धरला. म्हणजे सव्वापाचशेच्या आत-बाहेर. स्मार्ट यंत्राने त्यातले दहा टक्के वाचले असे धरले तर वर्षाला 52 पौंड. दोनशे पौंडांचे यंत्र चार वर्षांत फिटते. पण आठ रेडिएटरना पन्नास-पन्नास पौंडांच्या चाव्या घेतल्या तर खर्च सहाशेवर जातो. मग बचत दुप्पट झाली तरी सहा वर्षे लागतात. त्यात घसारा धरा, चाव्यांच्या बॅटऱ्या धरा. शिवाय घर भाड्याचे असेल तर मालकाची परवानगी लागते आणि मुले दोन वर्षांत घर बदलतात. नुसत्या पैशाच्या खात्यावर बघितले तर हा सौदा वाईट नाही, पण उड्या माराव्यात असाही नाही.

आणि मैत्रिणींनो, ते दहा टक्के बहुतांशी ज्यामुळे वाचतात, ते फुकटही करता येते. थर्मोस्टॅट 21 वरून 20 वर आणा. तिथले जाणकार 18 ते 21 अंशांत राहायला सांगतात. रोज दिवसभर मंद ठेवण्यापेक्षा लागेल तेव्हाच लावा. घर लवकर तापावे म्हणून काटा 25 वर नेऊ नका. खोली त्याच वेगाने तापते, फक्त थांबायची जागा पुढे जाते. बॉयलरमधून निघणारे पाणी 75-80 अंशांवर असेल तर 60 च्या आसपास आणायला सांगा. तिथल्या नव्या धाटणीच्या बॉयलरमध्ये परत येणारे पाणी पुरेसे थंड असले तरच धुरातली वाया जाणारी उष्णता पुन्हा वापरात येते. (वेगळी गरम पाण्याची टाकी असेल तर मात्र माहीतगाराला विचारूनच करा, टाकीतले पाणी 60 च्या खाली ठेवत नाहीत.) मुलाने हे एका रविवारी पाच मिनिटांत केले, खर्च शून्य.

मात्र आपल्यासाठी हा प्रश्न पैशापाशी संपत नाही. अग्निकाय जीव मानणारे आपण. आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंड श्रावकाचारात अनर्थदंडाचे पाच प्रकार सांगितले आहेत, त्यांतला एक प्रमादचर्या. माती, पाणी, अग्नी, वारा यांचा काही फळ नसताना आरंभ करणे, उगाच झाडे तोडणे, उगाच हिंडणे. गृहस्थाला चूल पेटवावीच लागते, आणि त्या देशात घर तापवावेच लागते. त्याला प्रयोजन आहे. पण सारे बाहेर गेलेले असताना रिकाम्या सात खोल्या तापत राहणे, याला प्रयोजन कोणते? ते फळ नसलेले जाळणेच. या दृष्टीने पाहिले तर रिकामे घर ओळखून आग विझवणारे यंत्र मला परिग्रहापेक्षा विवेकाच्या बाजूचे वाटले. ज्या घरात माणसे रोज वेगळ्या वेळी जातात-येतात, नर्सची पाळी असते, टायमर लावायचे भान राहत नाही, तिथे त्याचा खरा उपयोग.

माझ्या सामायिकाला त्याचा फार फायदा झाला. पहाटे साडेपाचला घर 15-16 अंशांवर आलेले असते. माझ्या एकटीच्या 48 मिनिटांसाठी सगळे घर तापवणे मनाला पटेना. साधी चावी असली तर त्यासाठी आदल्या रात्री बाकीच्या खोल्यांच्या चाव्या बंद करत फिरायचे आणि सकाळी पुन्हा उघडायच्या. सगळ्या रेडिएटरना स्मार्ट चाव्या असल्या तर एकट्या त्या खोलीसाठी बॉयलरला बोलावता येते, बाकीच्या आपोआप बंद राहतात. मुलाने त्या बसवून दिल्या आणि पहाटे फक्त देवघराची छोटी खोली तापेल असे वेळापत्रक लावले. 

पण याच यंत्राची दुसरी बाजूही मी पाहिली, आणि आपल्या वयाच्या बायकांनी ती नीट ऐकावी. यंत्र "घरी कुणी आहे का" हे ओळखते ते फोनवरून, आणि फोन होते मुलाचे आणि सूनबाईंचे. दोघे कामावर गेले की घर रिकामे झाले असे ते धरायचे. आम्ही दोघे आत बसलेलो, त्याच्या हिशेबी आम्ही नव्हतोच! आमच्या ह्यांची बायपास झालेली. थंडीने रक्तदाब चढतो, म्हणून डॉक्टरांनी जपायला सांगितलेले. जागतिक आरोग्य संघटनाही थंड हवेच्या देशांत घर किमान 18 अंशांवर ठेवायला सांगते. त्या दुपारी भिंतीवर 16 दिसत होते आणि हे दोन स्वेटर, वर शाल, कानटोपी घालून गप्प बसलेले. मी म्हटले, मुलाला फोन करते. तर म्हणाले, "राहू दे, मीटिंगमध्ये असेल. त्यांचे बिल वाढते."

संध्याकाळी सूनबाई आल्या, ह्यांचे हात हातात घेतले आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. "आई, तुम्ही भिंतीवरचे बटण का नाही फिरवलेत?" मी म्हटले, "अगं, भिंतीवर बटण आहेच कुठे? नुसती काच आहे." खरोखरच त्या काचेवर बोट लावले की इंग्रजीत पासवर्ड मागत असे. त्याच रात्री मुलाने पासवर्ड काढला, फोन बघून बंद होण्याची सोय आम्ही असेपर्यंत बंद केली आणि दिवसाचे वेळापत्रक 20 वर लावले. कुणाच्याच मनात वाईट नव्हते. तरी एक म्हातारा माणूस चार तास थंडीत बसला आणि मागायला संकोचला.

शीत हा 22 परीषहांपैकी एक. मुनिराज तो समताभावाने सहन करतात, म्हणून ते आपल्याला वंदनीय. पण दुसऱ्याच्या खिशातल्या फोनमुळे घरातल्या वडीलधाऱ्यांवर आलेली थंडी ही त्यांची साधना होत नाही. तिला संयम म्हणून कुणी गोंजारू नये, आणि सोसणाऱ्यांनीही तसे म्हणून गप्प बसू नये.

तेच यंत्र दुसऱ्या घरी उलट उपयोगी पडलेले पाहिले. लेस्टरचे जैन सेंटर 1988 पासून आहे, एका जुन्या चर्चच्या इमारतीत. दिगंबर मंदिर, श्वेतांबर देरासर, स्थानकवासी उपाश्रय, सगळे एकाच छपराखाली. तिथे एक गुजराती बेन भेटायच्या, 1972 साली युगांडातून नेसत्या कपड्यांनिशी आलेल्या. आता एकट्या राहतात आणि काटकसरीच्या सवयीने हीटिंग लावतच नाहीत. त्यांच्या मुलाने लंडनहून घराचे तापमान बघता येईल अशी सोय केली. ते 17 च्या खाली गेले की तो फोन करतो, "बा, हीटिंग चालू कर." बेन कुरकुरत उठतात, भिंतीवरचे बटण स्वतः फिरवतात, आणि मग अर्धा तास मायलेकांच्या गप्पा होतात. त्यांना मी विचारले, त्रास नाही होत? म्हणाल्या, "रोज फोन तो आवे छे ने!"

आणखी दोन गोष्टी. वाचवायच्या नादात न वापरत्या खोल्या पार थंड ठेवू नका. तिथल्या ओलसर हवेत थंड भिंतीला बुरशी धरते. म्हणजे अग्निकाय वाचवायला गेलो आणि तिकडे जीवोत्पत्ती करून बसलो. अशा खोल्या 15-16 अंशांवर असू द्याव्यात, रोज थोडा वेळ खिडकी उघडावी. आणि यंत्र घेताना विचारा की कंपनीने पाठिंबा काढला तर हाताने चालेल ना? गूगलने 2025 च्या ऑक्टोबरात नेस्टच्या जुन्या थर्मोस्टॅटची फोनशी जोडणी बंद केली. ती भिंतीवर हाताने चालत राहिली, म्हणून निभावले. पैसे आपण दिले तरी फोनवरची सोय कंपनीच्या मर्जीवर असते.

इथे आपल्या घरी हा प्रश्न फक्त गीझरपुरता. 15 लिटरचा, 2 किलोवॅटचा गीझर वीस मिनिटांत पाणी तापवतो, पण आपण तो तासभर विसरतो. त्यासाठी टायमर लावायचा तर 16 अँपिअरचाच घ्या, साधा छोटा प्लग तापून जळू शकतो. बाकी अंघोळीला जाण्याआधी गीझर बंद केला की झाले.

तर ज्या मैत्रिणी विचारतात, त्यांना माझे उत्तर असे. मुलांच्या वेळा ठरलेल्या असतील तर साधा टायमर पुरे. वेळा बेभरवशाच्या असतील, किंवा दूर राहणाऱ्या आईवडिलांची काळजी असेल, तर स्मार्ट हीटिंग जरूर घ्या. आधी एक यंत्र, एखादी चावी, मग गरज दिसली तर पुढचे. पण घरात जो दिवसभर असतो त्याला भिंतीपाशी जाऊन, कुणालाही न विचारता, ऊब वाढवता आली पाहिजे. बसवायला माणूस येईल त्या दिवशीच मुलाला म्हणा, "बाळा, आधी मला हाताने लावून दाखव." तेवढे शिकूनच विमानातून उतरल्याची शाल घडी घालून कपाटात ठेवा.

जय जिनेंद्र.