कडुनिंबावरचा पिंगळा

अम्मीच्या शेवटच्या आजारपणात आमच्या अकोल्याच्या घरी एक वाद झाला होता. मार्च महिना होता. अंगणातल्या जुन्या कडुनिंबाच्या ढोलीत पिंगळ्याची जोडी राहायची. दिवेलागणीला ती बाहेर येऊन बसली की तिचा चिरक-चिरक आवाज घरभर ऐकू यायचा. परतवाड्याहून आलेली खाला पहिल्याच संध्याकाळी म्हणाली, "ये मनहूस परिंदा घर पे बैठा है, और तुम लोग दवाखाने के चक्कर काट रहे हो!" शेजारचे काकाही म्हणाले, "भाऊ, थे फांदी तोडून टाका ना."

मी ठाम नकार दिला. खरं सांगायचं तर आतून घाबरलो होतो. आई अंथरुणावर असते तेव्हा माणसाला कसलीही भीती खरी वाटते.

त्या ढोलीत तेव्हा पिल्लं होती. वऱ्हाडात पिंगळ्याची वीण साधारण फेब्रुवारी ते एप्रिल चालते. मादी तीन-चार पांढरी अंडी घालते. सगळी अंडी एकाच दिवशी फुटत नाहीत, म्हणून एकाच घरट्यात लहान-मोठी पिल्लं दिसतात. खाणं कमी पडलं तर धाकटं मागे पडतं. आईबाप रात्रभर किडे, पाली, उंदरांची पिल्लं आणतात. शेतकऱ्याच्या कोठाराला एवढा स्वस्त राखणदार दुसरा मिळायचा नाही.

आपल्याकडची गंमत बघा. पहाटे दारात येऊन भविष्य सांगणाऱ्या पिंगळ्याला आपण सुपातून धान्य घालतो. ज्या पाखराची भाषा त्याला कळते म्हणतात, त्या पाखराला मात्र दगड मारतो!

आणि आपण मुसलमानांनी तर हा दगड उचलूच नये. इस्लामपूर्व अरबांची समजूत होती की खून झालेल्या माणसाचा आत्मा घुबड होऊन सूड मागत ओरडत फिरतो. त्याला ते 'हामा' म्हणत. पैगंबर साहेबांनी अपशकुनाबरोबर हा 'हामा'ही खोटा ठरवला. ही हदीस सहीह बुखारीत आहे. मी ती खालाला सांगितली. ती गप्प झाली, पण पटलं नाही, हे चेहऱ्यावर दिसत होतं.

भीतीने आणि कुऱ्हाडीने काय जातं, हे आपल्या मेळघाटच्या रानपिंगळ्याला विचारावं. 1873 मध्ये ह्यूम यांनी त्याची शास्त्रीय नोंद केली. 1884 नंतर तो कोणाला खात्रीने सापडलाच नाही. 113 वर्षं लोक त्याला नामशेष समजत होते. नोव्हेंबर 1997 मध्ये पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सोबत्यांना तो शहाद्याजवळच्या रानात दिसला. पुढे मेळघाटातही आढळला. फराह इश्तियाक आणि असद रहमानी यांनी त्याच्या आवाजाचा, विणीचा अभ्यास केला. हा पक्षी दिवसाढवळ्या शिकार करतो. मादी बहुधा दोनच अंडी घालते. ती उबवत असताना नर खाणं आणून देतो. त्याला लागतं ते जुनं, ढोली असलेलं झाड. असं झाड तयार व्हायला माणसाचं आयुष्य लागतं, तोडायला एक दुपार पुरते.

अम्मी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात गेली. चाळिसाव्याला खाला एवढंच म्हणाली, "मैंने कहा था ना." मी उत्तर दिलं नाही. दुःखात माणसाला कारण हवं असतं, आणि पाखरू उलटून बोलत नाही.

पण एक गोष्ट मी खालाला अजून सांगितलेली नाही. अम्मीला रात्री झोप लागत नसे. जाण्याच्या चार-पाच दिवस आधी तिने मला जवळ बोलावून विचारलं होतं, "बच्चे उड़े क्या रे?"

तेव्हा उडाले नव्हते. नंतर उडाले. झाड अजून उभं आहे.