खंबाटकीच्या चढावर

पुण्याहून साताऱ्याकडे निघालेल्या जुन्या गाडीची खरी परीक्षा खंबाटकी घाटात होते. कुंभोजच्या बाहुबलींच्या दर्शनास निघालेल्या एका कुटुंबाच्या मोटारीचा तापमानकाटा याच चढावर भडकला. महिनाभर कूलंट घटत होते, पण गाडीखाली थेंबही दिसत नव्हता. गॅरेजवाल्याने रेडिएटर निर्दोष ठरविला होता. काचेवरचे तेलकट धुके आणि गोडसर वास आजींनी मात्र केव्हाच हेरला होता. पुढच्या आसनाखालचा गालिचा उचलला, तो ओलाचिंब! हीटरची जाळी आतल्या आत गळत होती. इंजिन निवल्यावर हीटरच्या दोन्ही नळ्या एकमेकींस जोडून जाळी वगळली आणि पाणी भरले. कूलंट चवीला गोड, पण विषारी. कुत्र्यामांजरांनी चाटले तर जीव जातो. म्हणून ओली फडकी डब्यात बंद करूनच मंडळी घाट उतरली.